गुडघ्याच्या लाइट पट्ट्यातले अर्धे दिवे पेटत नाहीत? परत पाठवण्याआधी हे वाचा

'अर्धे दिवे बंद' म्हणून आमच्याकडे परत येणारे बहुतेक पट्टे व्यवस्थित चालू असतात. गुडघेदुखीसाठी बांधायच्या या पट्ट्यात दोन प्रकारचे एलईडी आहेत: ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचे लाल आणि ८५० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड. दुसऱ्यांचा उजेड डोळ्यांना दिसत नाही. अंधारात फार तर मंद लालसर ठिपका दिसतो.

तपासायचं असेल तर खोलीत अंधार करून मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा. आधी टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा. रिमोटचा दिवा स्क्रीनवर चमकला, तर तो कॅमेरा या कामाचा. मग पट्टा धरा. 'बंद' दिवे पांढरट-जांभळे दिसतील. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, त्यावर विसंबू नका. एवढं करूनही एखादी ओळ काळीच राहिली, तर दोष आमचा. पट्टा बदलून देऊ.

नुसते लाल दिवे लावले असते तर या तक्रारी आल्याच नसत्या. पण त्वचेखाली इन्फ्रारेड जास्त खोल जातं, म्हणून ते ठेवलं आहे.

पट्टा उघड्या, कोरड्या त्वचेला टेकवून बांधा. पायजम्यावरून नको, बाम चोळून तर नकोच. त्वचेपाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० मिलिवॉट मिळतात, म्हणजे ५ मिनिटांत ६ ज्यूल ऊर्जा. अर्धा तास ठेवून गुण सहापट येत नाही, मात्रा वाढली की परिणाम उलट घटूही शकतो. आणि हा शेक नाही, पट्टा फारसा तापत नाही.

'बीएमजे ओपन'मधल्या २०१९च्या आढाव्यात ७८५ ते ८६० नॅनोमीटरच्या लेझरने दर बिंदूला ४ ते ८ ज्यूल दिल्यावर गुडघेदुखी कमी झालेली आढळली. तिथे लेझर होता, इथे एलईडी आहेत. म्हणून आम्ही हमखास गुणाची भाषा करत नाही. झिजलेली कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) याने भरून येत नाही, आणि संधिवाताची चालू औषधं बंद करू नका.

दिव्यांकडे रोखून पाहू नका. न दिसणाऱ्या उजेडाला डोळा मिटत नाही. कर्करोग असेल किंवा उजेडाने त्वचेवर रिअ‍ॅक्शन येणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच वापरा. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर पट्टा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दोन्ही गुडघे दुखत असले तरी एकच पट्टा आळीपाळीने पुरतो. बोटांच्या सांध्यांवर मात्र तो नीट टेकत नाही. त्यासाठी आमच्याकडे हातमोजा वेगळा मिळतो.