गोठणे वेगळे, गारठणे वेगळे

एकाच रात्रीच्या थंडीत एका ट्रेमधली काकडीची रोपे माना टाकतात आणि शेजारच्या ट्रेमधली ताठ उभी असतात. वाण तोच, वयही तेच. मग फरक कशाचा? हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८६० च्या सुमारास जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस साक्स यांनी तंबाखू आणि भोपळ्याची कुंडीतली रोपे तपासली. माती शून्याच्या वर, पण जेमतेम काही अंशांवर आली की पाने लोंबायची. कुंडी उबदार केली की पुन्हा सावरायची. मातीत ओल भरपूर होती; गार पडलेल्या मुळांना ती ओढता येत नव्हती. पुढे १८९७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी बर्फ होऊन मरणे आणि बर्फ न होताच गारठून मरणे यांत स्पष्ट भेद केला. कपाशी, मका, टोमॅटो, घेवडा ही उष्ण भागातली पिके दुसऱ्या गटातली.

१९७० च्या दशकात लायन्स आणि रेझन या संशोधकांनी बोट ठेवले पेशींच्या पटलांवर, म्हणजे पेशीभोवतीच्या आणि आतल्या पातळ पडद्यांवर. साधारण १० ते १२ अंशांखाली त्यांतले स्निग्ध पदार्थ थिजतात आणि पेशीचा कारभार विस्कटतो, अशी त्यांची मांडणी. ती इतकी नेटकी होती की बरीच वर्षे दुसरे काही बघावेसे कोणाला वाटेना. पण १९७६ मध्ये विल्सन या संशोधकाचे घेवड्यावरचे काम आले. चार दिवस १२ अंशांत ठेवलेली रोपे ५ अंशांची थंडी सोसत होती, हे अपेक्षितच. गंमत पुढे आहे: उबेतच राहिलेली, फक्त पाण्याचा ताण दिलेली रोपेही तगली, आणि त्यांच्या पटलांतल्या स्निग्धाम्लांत (स्निग्ध पदार्थांच्या घटकांत) थिजणे टाळणारा बदल झालेला नव्हता. ताण सोसलेल्या रोपांची पर्णरंध्रे, म्हणजे पानांतून वाफ बाहेर सोडणारी सूक्ष्म छिद्रे, थंडीत मिटत होती. लाडावलेल्या रोपांची उघडीच राहत, आणि पान वाळत जाई.

रोपवाटिकेत लावणीआधी पाणी कमी करून रोपे काटक करतात, ती रीत या प्रयोगाच्या कितीतरी आधीची. भरपूर नत्र, दाट सावली आणि दमट हवा यांवर वाढलेले लुसलुशीत रोप दिसते छान, पण गारठ्यात तेच आधी बसते. त्यात गार रात्रीनंतर लख्ख ऊन पडले तर पानाला तो प्रकाश वापरता येत नाही आणि इजा वाढते.

कपाशीत तर रोप उगवण्याआधीच खेळ सुरू होतो. कोरडे बी पाणी शोषू लागते त्या पहिल्या काही तासांत माती गार असेल, तर कोवळ्या मुळाचे टोक मरते. तेवढे तास ऊब मिळाली, तर नंतरचा गारवा ते बरेच सोसते.