स्वच्छ आकाश आणि स्थिर आकाश
पाऊस उघडल्यावर आकाश कधी कधी असे निवळते की चांदण्या लखलख करू लागतात आणि अंगणात दुर्बीण लावून गुरूचे छायाचित्र घ्यायला याहून चांगली रात्र मिळणार नाही, असे वाटते. पण त्याच रात्री वेबकॅममधून पडद्यावर उमटलेला गुरू पुष्कळदा उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलताना दिसतो. आकाश स्वच्छ असते, पण स्थिर नसते. या दोन गुणांची गल्लत नवशिक्यांकडून फार होते आणि दोष मात्र बिचाऱ्या कॅमेऱ्याला दिला जातो.

स्वच्छता म्हणजे हवेतून किती प्रकाश आरपार येतो ते. धूळ, बाष्प आणि विरळ ढग ती कमी करतात. स्थैर्याला हौशी निरीक्षक ‘सीइंग’ म्हणतात. कमी-अधिक तापमानाचे हवेचे थर एकमेकांत मिसळताना प्रकाशकिरण क्षणोक्षणी निरनिराळ्या दिशांना किंचित वळतात आणि त्यामुळे प्रतिमा थरथरते, पसरते. तेजोमेघ टिपणाऱ्याला स्वच्छता हवी, कारण त्याचा विषयच अंधूक असतो. ग्रह मुळातच तेजस्वी असल्यामुळे पातळ धुरकटपणाने गुरू थोडा मंद झाला, तरी त्याचे पट्टे जागेवर राहतात.

ग्रहांच्या बाबतीत खरी अडचण आकाराची आहे. चंद्राचे बिंब सुमारे १८०० आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असते, तर गुरूचे साधारण ३० ते ५०. १५० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण तत्त्वतः पाऊण आर्कसेकंदाच्या आसपासचा तपशील वेगळा दाखवू शकते. पण हवेने प्रतिमा तीन-चार आर्कसेकंद पसरवली, की ती क्षमता वाया जाते आणि त्या रात्री आणखी मोठी दुर्बीण आणूनही फारसा लाभ होत नाही.

रात्र कशी आहे, हे डोळ्यांनीही बऱ्यापैकी ओळखता येते. अंधूक तारे किती दिसतात, यावरून स्वच्छता कळते. स्थैर्यासाठी डोक्यावरच्या ताऱ्यांकडे पाहावे, कारण क्षितिजाजवळचे तारे जवळजवळ नेहमीच लुकलुकतात. उंचावरचे तारेही जोरात लुकलुकत असतील, तर हवा अस्थिर असल्याचा तो इशारा समजावा. ग्रह क्षितिजापासून ३० अंशांवर असताना त्याचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवेतून येतो, म्हणून तो वर चढेपर्यंत थांबणे केव्हाही चांगले.

अर्थात सगळी थरथर आकाशातली नसते. उबदार खोलीतून नुकत्याच बाहेर आणलेल्या दुर्बिणीच्या नळीत गरम हवेचे प्रवाह फिरत असतात, त्यामुळे ती तासभर आधी बाहेर ठेवावी. दिवसभर तापलेल्या गच्चीपेक्षा गवताची जागा बरी.

स्वच्छतेची उणीव कॅमेऱ्याचा गेन (म्हणजे मिळालेला संकेत वाढवून दाखवण्याचे प्रमाण) वाढवून आणि पुष्कळ फ्रेम एकत्र करून बरीचशी भरून काढता येते. स्थैर्याची उणीव अशी सहज भरून निघत नाही; तिथे निवडीचाच आधार असतो. खळबळत्या हवेतही मधूनच एखादा क्षण शांत जातो आणि असा क्षण हाती लागण्याची शक्यता किती, याचे गणित प्रकाशशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ मध्ये मांडले होते. म्हणूनच ग्रहाचे एकच छायाचित्र न काढता व्हिडिओ घेतात, त्यातल्या हजारो फ्रेममधून सॉफ्टवेअरच्या मदतीने सर्वांत रेखीव तेवढ्या निवडतात आणि एकावर एक रचतात. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे हा व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये, नाहीतर फिरण्यामुळेच तपशील पुसट होतो.

अस्थिर रात्री सर्वांत जास्त फसवतो तो फोकस. कडा क्षणभर रेखीव दिसते, पुन्हा विरघळते, आणि हात आपोआप फोकसच्या चाकाकडे जातो. अशा वेळी गुरूचे बिंब सोडून त्याच्या एखाद्या उपग्रहाकडे पाहावे. तो ठिपका ज्या स्थितीत सर्वाधिक वेळा बारीक होतो, तिथे चाक थांबवावे आणि मग ग्रहाची कडा कितीही नाचली, तरी त्याला हात लावू नये.