‘प्रेशस लॉर्ड’ लिहिणारे डॉर्सी कोणते?

‘प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड’ (‘प्रिय प्रभू, माझा हात धर’) हे ख्रिस्ती भक्तिगीत बँडवाल्या टॉमी डॉर्सींनी लिहिलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. टॉमी गोरे ट्रॉम्बोनवादक, स्विंग या नाचाच्या जॅझ संगीतातले. गाणं लिहिलं थॉमस ए. डॉर्सी या कृष्णवर्णीय संगीतकारानं. जन्म १८९९, अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. आधी ते ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत वाजवत. १९३२च्या ऑगस्टमध्ये ते सेंट लुईसला असताना इकडे शिकागोत पत्नी नेटी बाळंतपणात गेली, पाठोपाठ तान्हा मुलगाही. त्या दुःखातून हे शब्द आले. चाल मात्र एका जुन्या स्तोत्रगीताची. ज्याचं घर असं रिकामं झालं, त्याच्याच गाण्याला दुसऱ्याचं नाव चिकटावं, हे मला फार सलतं. १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत भक्तिगीत गायिका महालिया जॅक्सन यांनी गायलं, ते हेच गाणं.