हुवाधूच्या रीफवर जाण्याआधी

आमच्या हुवाधूच्या सर्फिंग सहलीसाठी चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "तिथे खरंच गर्दी नसते का?" सहसा नसते. मालदीवच्या दक्षिण भागात, राजधानी मालेपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, विषुववृत्ताला जवळजवळ टेकलेलं हे प्रवाळबेटांचं कडं आहे. इथे सकाळी पाण्यात आपले सहा जण असतात आणि फार तर दुसऱ्या एखाद्या बोटीवरचे तीन-चार. मात्र जीवरक्षकही नसतो आणि किनाऱ्यावर डॉक्टरही उभा नसतो. पैसे भरण्याआधी हे पत्रक वाचून घ्या, एवढ्यासाठीच ते छापलं आहे.

कोकणात किंवा गोव्यात सर्फिंग शिकलेल्यांना पहिला धक्का बसतो तो लाटेच्या जोराचा. आपल्याकडे समुद्र दूरवर उथळ आहे, त्यामुळे लाट तळाला घासत, दमत किनाऱ्याला येते. हुवाधूच्या बाहेर समुद्र एकदम खोल होतो. दक्षिण गोलार्धातल्या वादळांनी उठवलेली लाट हजारो किलोमीटर चालून येते आणि थेट रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या प्रवाळाच्या खडकावर, आदळते. दोन लाटांमध्ये १४-१५ सेकंदांचं अंतर असलं, तर दिसायला कमरेएवढी वाटणारी लाटही चांगलीच ढकलते.

दुसरा फरक तुमच्या सोयीचा आहे. वाळूचा तळ दर पावसाळ्यात सरकतो, रीफ सरकत नाही. लाट रोज त्याच जागी फुटते. शेजारी दोन रीफांमधली खोल वाट असते, तिला तिथे 'कंडू' म्हणतात. आमची धोणी, म्हणजे तिथली बोट, तिथेच उभी असते. बाहेर जायचं ते कंडूतून आणि परत यायचं तेही कंडूतूनच. जवळ दिसतंय म्हणून रीफवरून आडवं यायचं नाही.

पडायचं कसं, हे आम्ही पहिल्या दिवशी धोणीवर करून दाखवतो. सूर मारायचा नाही, पाय खाली सोडायचे नाहीत. अंग पसरून, जमेल तितकं वरच्यावर पडायचं आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे. लाट ओसरली तरी उभं राहायचं नाही. हे पत्रक लिहिणाराच पहिल्या वर्षी "इथे तर गुडघाभरच पाणी आहे" म्हणत उभा राहिला होता. डाव्या टाचेत सागरी साळिंदराचे काटे गेले आणि उरलेले चार दिवस त्याने धोणीवर बसून इतरांचे फोटो काढले.

भरती-ओहोटीतला फरक तिथे जेमतेम मीटरभर असतो, पण रीफवर तेवढाही पुरतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, ओहोटीला काही जागी खडक उघडा पडतो. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, सोपं जातं. म्हणून पाण्यात कधी उतरायचं हे धोणीचा कप्तान सांगेल. त्याच्याशी वाद घालू नका, आम्हीही घालत नाही.

सुरुवात बहुधा 'ब्लू बोल्स'वर होते, ती लाट त्यातल्या त्यात मवाळ आहे. डावीकडे वळणारी लाट आवडत असेल तर 'टायगर स्ट्राइप्स'. 'बीकन्स' उथळ आणि रागीट आहे. तिथे कोणाला न्यायचं ते आम्ही आधीचे दोन दिवस बघून ठरवतो. आम्ही नाही म्हटलं तर पैसे परत मिळत नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि ज्यांनी फक्त पांढऱ्या फेसात बोर्ड चालवला आहे, त्यांनी यंदा ही सहल करू नये.

आम्ही फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जातो. दोन मोसमी वाऱ्यांच्या मधल्या या दिवसांत वारा पडलेला असतो आणि पाणी काचेसारखं असतं.

प्रवाळाने कापलं तर लिंबू चोळायची जुनी रीत आहे. त्याने बोंब होते, जखम साफ होत नाही. स्वच्छ पाणी, साबण आणि मऊ ब्रशने प्रवाळाचा कण न् कण काढायचा, मग जंतुनाशक लावायचं. लहान ओरखडाही सोडायचा नाही, उष्ण दमट हवेत तो दोन दिवसांत चिघळतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच या. प्रादेशिक रुग्णालय थिनाधूला आहे, पण तिथवर बोटीनेच जावं लागतं. त्यामुळे आणीबाणीत हलवण्याचा खर्च देणारा विमा नसेल तर आम्ही नेत नाही.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा मालेला उतरल्यावर विनाशुल्क मिळतो. प्रवासाआधीच्या ९६ तासांत 'इमुगा'चा, म्हणजे मालदीव सरकारचा प्रवासी नोंदणीचा, ऑनलाइन फॉर्म भरा. दारू आणि व्हेप बॅगेत नकोत, दोन्हींना बंदी आहे. आपण राहतो ते गावकऱ्यांचं बेट आहे, तेव्हा गावात फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी धोणी निघत नाही.

सोबत रीफ बूट, एक जास्तीची लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट सदरा) आणि झिंकचं मलम आणा. न्याहारीला रोशी आणि मस हुनी असते. रोशी म्हणजे आपल्या चपातीची बहीण. मस हुनी म्हणजे टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू. मासे न खाणाऱ्यांची पंचाईत होते. त्यांनी मेतकूट आणि लोणचं आणावं, भात तिथे मिळतो.