खोल समुद्र ढवळतो कोण, आणि ते मोजायचं कसं?

‘वर कितीही लाटा उसळोत, तळाशी समुद्र शांतच असतो’ हे आपण इतक्यांदा ऐकलंय की खरंच वाटतं. तसं असतं, तर ध्रुवांजवळ बुडणाऱ्या गार पाण्याने समुद्र कधीच जवळजवळ काठोकाठ भरला असता आणि वर उबदार पाण्याचा एक पातळ थर तेवढा उरला असता. प्रत्यक्षात तापमान काही किलोमीटर खोलीपर्यंत हळूहळू उतरत जातं. वरची उष्णता सतत खाली पोचते आहे, हाच त्याचा अर्थ.

1966 मध्ये सागरशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी याचा हिशोब मांडला. गार पाणी दिवसाला साधारण 1 सेंटिमीटर वर सरकतं, उष्णता मिसळत मिसळत खाली उतरते आणि दोन्हींचा तोल राहतो. पॅसिफिकमधल्या तापमानाच्या आणि किरणोत्सारी कार्बनच्या नोंदींवरून त्यांनी मिसळण्याचा गुणांक, म्हणजे मिसळणं किती जोरात होतं त्याचं माप, काढला: सेकंदाला सुमारे 1 चौरस सेंटिमीटर. नुसत्या रेणूंच्या धडपडीने उष्णता जितकी पसरते, त्याच्या शेकडो पट. हे काम संक्षोभाचं, म्हणजे टर्ब्युलन्सचं.

हा संक्षोभ पकडायची स्टीव्ह थॉर्प यांनी 1977 मध्ये मांडलेली युक्ती मला फार आवडते. तापमापक खाली सोडायचा आणि दर मीटरला नोंद घ्यायची. समजा आकडे आले: 2.06, 2.03, 2.04, 2.05, 2.02, 2.01. खारटपणा सारखाच धरला, तर गार पाणी जड, म्हणून आकडे उतरतेच हवेत. इथे मात्र दुसरा, तिसरा आणि चौथा आकडा उलट्या क्रमाने लागलेत. पाण्याने तिथे नुकतीच कोलांटी मारली आहे! आता आकडे उतरत्या क्रमाने लावा. 2.05 दोन मीटर वर जातो, 2.03 दोन मीटर खाली, 2.04 जागेवरच. या सरकण्यांच्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घेतलं की सुमारे 1.6 मीटर येतात. ही थॉर्प लांबी, म्हणजे त्या उलथापालथीचा आकार.

पुढचा भाग थोडा सावकाश वाचा. थर लावलेल्या पाण्यातला एक गोळा किंचित वर उचलून सोडला, तर तो जड असल्याने खाली येतो, भरात पुढे जातो, परत वर येतो. खोल समुद्रात अशा एका झोक्याला तासभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. थॉर्प लांबीचा वर्ग आणि या झोक्याची वारंवारता यांच्या गुणाकारावरून मिसळण्याचा गुणांक मिळतो. ढवळण्यातली बहुतेक ऊर्जा पाणी नकळत तापवण्यात जाते, जड पाणी वर उचलायला थोडीच उरते. तो वाटा किती धरायचा, यावर अजूनही वाद आहेत.

एवढं करून 1990 च्या दशकात घोळ समोर आला. उत्तर अटलांटिकमध्ये सुमारे 300 मीटर खोलीवर सल्फर हेक्साफ्लोराइड हा माग काढायला सोपा वायू सोडून त्याचं पसरणं महिनोन्‌महिने मोजलं, तर गुणांक मंक यांच्या आकड्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका भरला. मग ब्राझीलजवळच्या खोल खोऱ्यात उत्तराचा एक मोठा भाग सापडला: सपाट तळावर मिसळण नगण्य, पण मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या खडबडीत उतारांवर ती दहापट आणि त्याहूनही जास्त. भरती-ओहोटीचं पाणी या डोंगरांवरून घासत जातं, त्यातून समुद्राच्या पोटातच लाटा उठतात आणि त्यांतल्या काही तिथेच फुटतात. चंद्र-सूर्याच्या ओढीतली सुमारे एक लाख कोटी वॅट शक्ती अशी खोल समुद्रात जिरते.

चंद्राचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. ‘शरीरात 70 टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला मन उचंबळतं’ हे विज्ञान नव्हे. भरती येते ती पृथ्वीच्या दोन बाजूंमधल्या ओढीच्या फरकामुळे आणि त्यामागे जवळजवळ 13,000 किलोमीटरचा व्यास असतो. दोन मीटरच्या देहात तो फरक शून्यातच जमा.

हवामानाच्या मॉडेलांमध्ये एकेक चौकट अनेक किलोमीटरची, तर कोलांट्या मीटरभराच्या. त्यामुळे त्या सूत्राने भराव्या लागतात. एका प्रचलित सूत्रात भरतीच्या लाटांची एक-तृतीयांश ऊर्जा उगमाजवळच खर्ची पडते आणि तळापासून वर जाताना दर 500 मीटरला हा खर्च साधारण तिपटीने कमी होतो. उरलेली दोन-तृतीयांश कुठे फुटते, यावर शंभर वर्षांनंतरच्या उष्णतेचा अंदाज हलतो. म्हणून ‘अमुक साली सागरी प्रवाह बंद’ अशा ठाम तारखेच्या मथळ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

त्यातही एक पेच आहे. मिसळण तळाकडे वाढत असेल, तर उतारापासून थोडं वरचं पाणी हलकं न होता जडच होतं आणि खाली जातं. वर येणारं पाणी उताराला चिकटलेल्या पातळ थरातूनच यायला हवं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ईशान्य अटलांटिकमधल्या एका सागरी घळीच्या तळाशी रंग सोडला होता. तो उताराला धरून दिवसाला 100 मीटरहून जास्त वेगाने वर चढला. मंक यांच्या सरासरीत हाच वेग 1 सेंटिमीटर होता.