ओळीतली गर्दी

कोऱ्या कागदाच्या मधोमध एक ठिपका काढा. त्याच्या उजवीकडे चार बोटांवर ठसठशीत ‘ध’ लिहा. डावीकडे, तेवढ्याच अंतरावर मधलं अक्षर येईल असं, ‘मधस’ लिहा. आता कागद हातभर लांब धरून फक्त ठिपक्याकडे बघा. उजवीकडचा ध ओळखू येतो. डावीकडचा तेवढाच मोठा, पण शेजाऱ्यांत मिसळून जातो. (आपणच लिहिलंय म्हणून मेंदू लबाडी करतो, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगा आणि अक्षरं बदलू द्या.)

या घोळाला दृष्टितज्ज्ञ ‘गर्दी’च म्हणतात. ती आपल्या सगळ्यांच्या नजरेच्या कडेला असते. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली अडचण, असलेल्या काही मुलांना मात्र ती जास्त जाचते, असं दिसतं. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेकांच्या बाबतीत डोळ्यांत नसतं. बोलण्यातले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडणं मेंदूला जड जातं. त्यामुळे ध्वनी-अक्षरांच्या पद्धतशीर सरावाला पर्याय नाही. पण पानावरची गर्दी कमी करणं आपल्या हातात आहे.

२०१२ मध्ये इटली आणि फ्रान्समधल्या डिस्लेक्सिया असलेल्या ७४ मुलांना नेहमीच्या छपाईतली आणि अक्षरांमध्ये जास्त मोकळी जागा सोडलेली वाक्यं वाचायला दिली. मोकळ्या छपाईत वाचनाची अचूकता साधारण दुप्पट झाली, वेगही २० टक्क्यांहून जास्त वाढला. तेही कसलंही प्रशिक्षण न देता.

आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलता येत नाही. देवनागरीत अक्षरं एकमेकांपासून लांब केली की बऱ्याचदा शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. शिवाय आपली गर्दी चहूबाजूंनी असते. ‘किल्ला’ घ्या. वेलांटी डोळ्याला आधी दिसते, उच्चारात ती क नंतर येते. ‘सूर्य’मधला रफार य च्या डोक्यावर बसतो, बोलताना मात्र य च्या आधी. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकला, की मूल अडखळतंच. म्हणून टाइप थोडा मोठा, दोन शब्दांत आणि दोन ओळींत भरपूर जागा, आणि एका वेळी एकच ओळ दिसेल अशी खाच कापलेला पुठ्ठा. जुन्या लग्नपत्रिकेचाही चालतो. बोट ठेवून वाचणाऱ्या मुलाचं बोट तर मुळीच काढायला लावू नये.

रंगीत चष्मे आणि रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या मात्र विकत घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदन काढून सांगितलं, की या उपायांना आणि डोळ्यांच्या व्यायामांना भक्कम पुरावा नाही. डोळे जरूर तपासा. नंबर असेल तर साधा चष्मा लागेलच. पुठ्ठ्याची खाच दोन-चार दिवस वापरून बघा. मुलाला नको वाटली, तर दुसऱ्या मापाची कापा.