स्वेल : एक इंग्रजी क्रियापद

स्वेल : आतून भरत गेल्यामुळे आकाराने, संख्येने किंवा आवाजाने वाढणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. मूळ जुन्या इंग्रजीतले ‘स्वेलन’; जर्मनमधले ‘श्वेलेन’ त्याचे सख्खे भावंड. शब्दकोशात त्याच्यासमोर ‘सुजणे, फुगणे’ एवढे दोन शब्द देऊन काम उरकलेले असते आणि फसगत तिथूनच सुरू होते. कारण मराठीत आधी विचारावे लागते, वाढले ते कशाने?

दुखण्याने वाढले तर सुजणे. मुरगळलेला घोटा सुजतो. तो फुगला म्हटले तर ऐकणारा हसेल. पाणी, हवा किंवा वाफ भरली तर फुगणे. उसळीसाठी रात्री भिजत घातलेले वाटाणे सकाळपर्यंत फुगतात, त्यांना इंग्रजीत बिनधास्त स्वेल लावावे. आचेवर टाकलेली भाकरी टम्म फुगते, तिथे मात्र इंग्रजीला ‘पफ अप’ जास्त मानवते. सूज हा शब्द संस्कृतातल्या ‘श्वि’ धातूच्या कुळातला मानतात. वैद्यकातला ‘शोथ’ त्यातलाच, आणि गंमत म्हणजे ‘शून्य’ही : फुगलेले, म्हणून आतून पोकळ.

क्रियापदाचा नेमका अर्थ पाहायचा तर जुलै महिन्यात गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीत जावे. उन्हाळ्यात सहज लागणारे लाकडी दार पावसाळ्यात चौकटीत रुतून बसते. खांद्याने रेटा दिल्याशिवाय उघडत नाही. शेजारी सांगतात, ‘दार फुगलंय.’ लाकूड हवेतला दमटपणा पिते आणि रुंदीत वाढते, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे दार बहुधा कडीच्या बाजूला घासते. शहाणा सुतार भर पावसात रंधा फार मारत नाही; दिवाळीनंतर दार आकसले की तिथेच फट पडते. इंग्रजीत हे दार ‘स्वोलन’.

व्याकरणात इथे एक खोच आहे. भूतकाळ ‘स्वेल्ड’, पण धातुसाधित बहुधा ‘स्वोलन’. सुजलेले डोळे, फुगलेली नदी, फुगलेले दार यांसाठी विशेषण म्हणून ‘स्वोलन’च शोभते. गर्दी किंवा आकडा वाढल्याचे सांगताना ‘हॅव स्वेल्ड’ही चालते. क्रियापद सकर्मकही आहे : पावसाने नदी फुगवली, असे इंग्रजीत सरळ म्हणतात. मराठीत नदी स्वतःच फुगते, पाऊस पडून गेलेला असतो.

मुंबईला या शब्दाची खरी गरज पडते ती समुद्राशी, आणि तिथेच भाषांतराचा सर्वांत मोठा घोळ होतो. नाम म्हणून ‘स्वेल’ म्हणजे दूरच्या वाऱ्याने उठवलेल्या, तो वारा मागे टाकून शेकडो किलोमीटर पुढे आलेल्या लांब, संथ लाटा. किनाऱ्यावर वारा पडलेला असतानाही त्या येतात. भरती वेगळी : ती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी भरती येते ते उधाण, आणि अष्टमीच्या आसपासची छोटी भरती म्हणजे भांग. म्हणून स्वेलला सरसकट ‘उधाण’ म्हणणे चूक. ‘दूरवरून आलेल्या लाटा’ म्हटलेले बरे, लांबले तरी.

दरवर्षी पावसाळ्यात ‘समुद्रात साडेचार मीटर उंच लाटा उसळणार’ अशा बातम्या येतात. तो आकडा लाटेचा नसतोच. तो भरतीच्या पाण्याची पातळी सांगतो, आणि ती सागरी नकाशातल्या शून्य पातळीपासून, म्हणजे साधारणपणे अगदी खालच्या ओहोटीपासून, मोजलेली असते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरून पाणी रस्त्यावर येते ते भरती, वारा आणि या दूरच्या लाटा एकत्र आल्या म्हणून.

फुगलेल्या पाण्याचे मराठीत आणखी एक नेमके नाव आहे : फुगवटा. पुढे वाट अडली की पाणी मागे चढत जाते, ते फुगवट्याचे पाणी. मिठी नदी माहीमच्या खाडीला मिळते. मोठ्या भरतीच्या वेळी धो धो पाऊस असला तर नदीचे पाणी बाहेर पडायला जागा राहत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मिठीकाठच्या वस्त्यांनी हे पाहिले. इंग्रजी बातमीतली ‘स्वोलन’ नदी यापुढे फिकी वाटते. आपला शब्द कारणही सांगतो.

‘चलनफुगवटा’ याच घडणीचा, पण त्याचे इंग्रजी ‘इन्फ्लेशन’. त्यात स्वेल घुसवू नये.

अभिमानाने स्वेल होणाऱ्या छातीला मराठीत ‘ऊर भरून येणे’ किंवा ‘छाती फुगणे’ आहे. पहिल्यात ओलावा, दुसऱ्यात थोडी टिंगल. सुजलेल्या डोक्याची इंग्रजी कल्पना आपल्याकडे ‘डोक्यात हवा जाणे’ अशी होते. संगीतात आवाज चढत जाऊन पुन्हा उतरणे म्हणजेही स्वेल. एकोणिसाव्या शतकात नटूनथटून मिरवणाऱ्या माणसाला ‘स्वेल’ म्हणत, आणि पुढे अमेरिकन बोलीत त्याचा अर्थ ‘झकास’ झाला. आता तो जुनाट वाटतो.

उलट बाजूने मात्र रस्ता बंद आहे. लग्नातले रुसवेफुगवे, किंवा लोकलमध्ये खिडकी मिळाली नाही म्हणून गाल फुगवून बसलेले पोर, यांना स्वेल लागू पडत नाही. त्यासाठी इंग्रजीत ‘सल्क’ हे वेगळे क्रियापद आहे.